शॅल आणि शुड

वकिलीच्या चौथ्या वर्षाला आम्हाला आंतरराष्ट्रीय पर्यावरण कायदा होता. मॅडमनी वर्गातच हवामान कराराच्या वाटाघाटी ठेवल्या. चिठ्ठी उचलायची आणि जो देश निघेल त्याच्या वतीने भांडायचं. मला पॅसिफिकमधलं एक चिमुकलं बेट निघालं. माझा जन्म रायपूरचा, समुद्र पाहिलेलाच नव्हता. शेजारच्या मैत्रिणीला कोळशावर चालणारा एक मोठा देश मिळाला. तिचे वडील शहराबाहेर सिलतऱ्याच्या एका कारखान्यात कोळशाच्या भट्टीवर कामाला होते.

मी त्या बेटाच्या मागेच लागले. तिथल्या विहिरी खारट होत चालल्यात असं वाचलं, आणि मग प्रश्न सुचतच गेले. सगळी जमीन पाण्याखाली गेली तर देश उरतो का? त्याच्या समुद्राची हद्द कुठून मोजायची? तिथल्या माणसांचा पासपोर्ट चालेल? मॅडमना विचारलं तर त्या खूश होऊन म्हणाल्या, "यह तो अभी किसी को पक्का नहीं पता." कायद्यात अजून कुणालाच माहीत नाही असंही काही असतं, याचं मला भारी नवल वाटलं.

समता कॉलनीतल्या आमच्या स्वयंपाकघरात मी कराराचा मसुदा मोठ्याने वाचायची. आई मूळची अमरावतीकडची. पोळ्या लाटता लाटता तिने विचारलं, "एका शब्दावर काहून अडून राहिली व तू?"

"आई, 'शॅल' लिहिलं तर मोठ्या देशायले धूर कमी करावाच लागते. 'शुड' लिहिलं तर केला तर बरं, नाही तर नाही."

"म्हणजे 'या कधी घरी' आन् 'रविवारी जेवाले याच'," ती म्हणाली.

वाटाघाटींच्या दिवशी मी 'शॅल' सोडायला तयार नव्हते आणि मैत्रीण तो घ्यायला. चहाच्या सुट्टीत पायऱ्यांवर मी तिला पुन्हा पटवायला गेले. ती एकदम उसळली, "तेरे टापू के लिए मेरे पापा की भट्टी बंद कर दूँ?"

हे खेळातलं होतं की खरं, मला कळेना. ती कप ठेवून आत निघून गेली.

शेवटी मी 'शुड'वर आले आणि त्या बदल्यात विहिरींसाठीच्या मदतीचं कलम 'शॅल'ने लिहून घेतलं. मॅडमनी शाबासकी दिली. पण मैत्रिणीचं ते वाक्य डोक्यातून जाईना. भट्टीवरच्या माणसाचं काय होणार, हे करारात कुठे आहे? मी खरा करार काढून शोधलं. कामगारांचा उल्लेख होता, पण प्रस्तावनेत, तोही ओझरता.

पुढच्या फेरीच्या आधी मी मॅडमकडे आमच्या दोघींच्या देशांची अदलाबदल मागितली. त्या हो म्हणाल्या. मैत्रिणीशी मी त्या दिवसापासून धड बोलले नव्हते. तिला सांगितलं तेव्हा ती बाकावर सरकली आणि तिने माझी फाइल ओढून घेतली.

"अच्छा, वहाँ धान होता है क्या?"

"नहीं रे. चावल जहाज से आता है. अब तू बता, भट्टी एक बार बंद हुई तो आदमी लोग कहाँ जाते हैं?"

तिने फाइल मिटली. "पापा से ही पूछ ना. चल घर."

त्या संध्याकाळी तिच्या स्कूटीवर मागे बसून मी पहिल्यांदाच तिच्या घरी, सिलतऱ्याला गेले.