पंप वरच्या गल्लीत, गिरणी खालच्या

अक्का, मी गाव सोडलं त्या सकाळी जीप वरच्या गल्लीत उभी होती आणि तू खालच्या गल्लीत, तुझ्या परसात. मला पोचवायला वर यायची तुला बंदी होती, म्हणून मीच मागच्या दारी आले. आपल्या दोघींच्या परसांमधल्या भिंतीवरून हात लांब करून तू प्राचीचा गाल कुरवाळलास. ती दोन वर्षांची होती. मला म्हणालीस, "जा बाई सुखानं. आता मला पाणी कोण देणार, तेवढं मात्र सांगून जा." तू हसत होतीस की रडत होतीस, मला कळलं नाही. भांडुपला पोचेपर्यंत तेच वाक्य डोक्यात होतं.

अण्णांनी आपल्याला एकाच मांडवात दोघा चुलतभावांना दिलं. "एका गावात देतोय, एकमेकीला धरून राहा," एवढंच ते बोलले होते. मी तो हात सोडून आले, असं मला सोळा वर्षं वाटत राहिलं. फोनवर आपण सगळं बोललो, पोरांचं, पिकांचं, गुडघ्यांचं. हे मात्र मी कधी विचारलं नाही. माझा स्वभाव तुला माहीत आहे. पवईला चार घरी पोळ्या करते, तिथेही मीठ संपलं हे सांगायला मला दोन दिवस लागतात.

प्राची आता तेरावीला आहे. ती मोठ्यानं वाचते आणि मी भाजी निवडता निवडता ऐकते. गेल्या आठवड्यात ती अमेरिकेतल्या यादवीचा धडा वाचत होती. एकाच देशाचे दोन भाग एकमेकांशी लढले, उत्तर आणि दक्षिण. तिला वहीत दोन रकाने करून दोघांच्या जमेच्या बाजू आणि उणिवा लिहायच्या होत्या. उत्तरेकडे कारखाने, रेल्वे, माणसं जास्त. पण परक्या मुलखात जाऊन लढायचं. दक्षिणेकडे चांगले सेनापती, पायाखालची वाट. पण कारखाने थोडे.

मी म्हटलं, "अगं, हे तर आपलं गाव."

"मम्मी, काहीही हं! कुठे अमेरिका, कुठे आपली गल्ली!"

मग मी तिला सांगितलं. जयंतीची मिरवणूक आधी कोणत्या गल्लीतून काढायची यावरून आपली वस्ती फुटली. सख्खे भाऊ बोलेनासे झाले. पाण्याचा पंप वरच्या गल्लीत, पिठाची गिरणी खालच्या. आमच्याकडे पाणी होतं, पीठ नव्हतं; तुमच्याकडे पीठ होतं, पाणी नव्हतं. दोन्हीकडची माणसं मात्र छाती काढून म्हणायची, "आमचं काही अडत नाही." अडणार कसं? पुरुष शेतावर गेले की मी भिंतीवरून घागरी द्यायची आणि तू दळण. शेजारणींचंही आपल्याच भिंतीवरून जायचं. किती हसायचो आपण! दोघींना वाटायचं, अण्णांचा शब्द पाळतोय.

प्राची पेन खाली ठेवून म्हणाली, "थांब ना. म्हणजे दोन वर्षं ते भांडण तुमच्या जिवावर चाललं! तुम्ही पोचवलं नसतंत तर आठ दिवसांत वाट लागली असती दोघांची."

अक्का, मला हे कधी सुचलंच नव्हतं.

ती पुढे वाचू लागली. दक्षिणेच्या जमेच्या बाजूत लिहिलं होतं की शेतीचं काम गुलाम करत, त्यामुळे मालकांना लढायला मोकळीक होती. मी विचारलं, "आणि ती माणसं कोणत्या बाजूची?" तिनं पान उलटलं. ती माणसं शेतं सोडून निघाली होती. पोरं काखेला मारून, पायी, उत्तरेच्या छावणीकडे, हजारोंनी. त्यातल्या कित्येकांनी मग बंदुका घेतल्या. प्राचीनं वहीत दक्षिणेच्या जमेच्या रकान्यातली गुलामांची ओळ खोडली आणि उणिवांत लिहिली. माझे हात थांबले. कुणाच्या तरी रकान्यात मांडलेली माणसं उठली आणि चालू लागली! त्यांच्या दुःखाशी आपली बरोबरी नाही. पण त्यांचा मला फार अभिमान वाटला. आपल्या माणसांचा वाटतो तसा.

म्हणून रविवारी फोनवर मी धीर केला. भांडण मिटलं हे मला दिरानं तेव्हाच सांगितलं होतं, मोठी माणसं बसली आणि मिटलं म्हणून. मी तुला विचारलं, "मी गेले त्याचा राग आला होता का गं?"

"आला की! दोन दिवस शिव्या घातल्या तुला. तिसऱ्या दिवशी घरात थेंब नव्हता. मग घेतली घागर आन् भर दुपारी सरळ वरच्या गल्लीत. म्हटलं, बघू कोण आडवं येतंय."

"आलं कुणी?"

"तुझा सासरा आला. म्हटलं, मामंजी, सरका, तहान लागलीय. सरकले बिचारे! माझ्यामागं सहा बाया. दुसऱ्या दिवशी तुमच्या गल्लीतल्या बाया दळणं घेऊन गिरणीत हजर. मग कुठं बसली तुझी मोठी माणसं."

मी म्हटलं, "मला कधी सांगितलं नाहीस."

"तू कधी विचारलंस? अगं येडे, तू असतीस तर मी कशाला गेले असते?"

मी हात सोडला म्हणूनच तू पंपावर गेलीस, हे मला सोळा वर्षांनी कळलं.

भांडुपच्या टेकडीवरची ही खोली माझं घर आहे, ते आता खरं. गावी यायचे ती मात्र चोरासारखी. सासरी एक दिवस, तुझ्याकडे उभ्याउभ्या चहा, आणि परत. यंदा जयंतीला आम्ही आठ दिवस येतोय. पहिली तुझ्याकडे उतरणार, आणि कुणाला विचारणार नाही.