आधी तोंड, मग आकडा

मास्तरांनी शाळेत कधी शिकवलं नाही. ते शिकवायचे तुरुंगात, आणि कैद्यांना नाही बरं का, शिपायांना. नवी भरती प्रशिक्षणाला आली की पहिल्याच दिवशी मास्तर फळ्यावर एकच वाक्य लिहायचे: आधी तोंड, मग आकडा. कवायत, कुलपं, कायद्याची कलमं शिकवायला दुसरे होते. मास्तरांकडे मोजणी होती.

आता बाहेरच्याला वाटेल, मोजायला काय शिकायचं डोंबल! मास्तरांच्या बायकोलाही लग्नानंतर कितीतरी वर्षं तसंच वाटायचं. ‘यांना एक ते शंभर येतं, त्यावर आमचं घर चाललंय,’ असं ती पाहुण्यांना सांगायची. पण तुरुंगाचा सगळा डोलारा मोजणीवर उभा असतो. दिवसातून तीनदा बराकीतला प्रत्येक कैदी मोजायचा, आकडा नोंदवहीत लिहायचा, खाली सही ठोकायची. आकडा जुळला तर जेवणाची घंटा वाजते, नाही जुळला तर सगळंच ठप्प. त्यामुळे शिपायाला घाई असते ती आकड्याची. पांघरूण फुगलेलं दिसलं की खाली माणूस आहे असं धरायचं आणि पुढे सरकायचं. हे धरून चालणं मास्तरांच्या डोक्यात जायचं.

भरतीचे आणि प्रशिक्षणाचे नवे निकष ठरवायला वर एक समिती बसली होती, आणि तिच्यात शिपायांच्या बाजूनं मास्तरांना घेतलं होतं. समिती बसली म्हणजे तीन वर्षं नुसती बसलीच होती, उठायचं नाव नाही. उंची किती हवी यावर चार बैठका झाल्या. छाती फुगवून किती, न फुगवता किती, यावर दोन. धावण्याचं अंतर एकदा वाढलं, एकदा कमी झालं, आणि शेवटी होतं तिथंच आलं. दर बैठकीला मास्तर आपला एक कागद पुढे सरकवायचे आणि दर बैठकीला तो ‘पुढच्या वेळी पाहू’ म्हणून फायलीत जायचा. नमनालाच घडाभर तेल जात होतं, नाटक कधी सुरू होणार कुणास ठाऊक.

कागदावर दोनच गोष्टी होत्या. प्रशिक्षणात मोजणीला दोनाऐवजी सलग आठ दिवस द्यावेत आणि शेवटी परीक्षा घ्यावी. आणि जो नापास होईल, मग तो नवा असो की तीस वर्षं जुना, त्याला पुन्हा शिकून पास होईपर्यंत बराकीवर पाठवू नये.

‘अहो मास्तर,’ समितीतले मोठे साहेब म्हणायचे, ‘इथं निम्म्या जागा रिकाम्या. आम्ही सहा महिन्यांचं प्रशिक्षण तीनवर कसं आणावं या विवंचनेत, आणि तुम्हाला आठ दिवस पांघरुणं उचलायला हवेत?’

साहेबांचंही खोटं नव्हतं. माणसं नव्हतीच. स्वतः मास्तरच आठवड्यातून दोनदा दुहेरी पाळी करत होते, अठ्ठावन्न जवळ आलं तरी. घरी आले की बूट काढायलाही वाकवत नसे. बायको पुढ्यात बसून नाड्या सोडायची आणि समितीचा उद्धार करायची. मास्तर भिंतीला डोकं टेकून ऐकून घ्यायचे. निवृत्तीला आठ महिने उरले होते आणि समितीची शेवटची बैठक त्याच महिन्यात होती. कागद आता गेला नाही तर संपलंच, कारण आपल्यामागं त्यावर चकार शब्द काढणारा कुणी नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

एवढा हट्ट कशाचा, हे मात्र त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. बायकोलासुद्धा नाही.

बारा वर्षांपूर्वी त्यांच्या बराकीत एक म्हातारा होता. तुरुंगाच्या शिवणशाळेत मशीन चालवायचा म्हणून सगळे त्याला शिंपी म्हणत. अबोल माणूस. एकदा मास्तरांच्या गणवेशाचं बटण लोंबताना दिसलं, तर त्यानं काही न बोलता खिशातून सुई काढली आणि उभ्याउभ्याच टाचून दिलं. थंडीतल्या एका सुट्टीच्या दिवशी शिवणशाळा बंद होती, सगळे कैदी पांघरुणं घेऊन पडून होते. मास्तर आदल्या दिवसापासून उभे. सकाळी त्यांनी मोजणी केली, आकडा जुळला. दुपारी केली, आकडा जुळला. संध्याकाळी शेजारच्यानं शिंप्याला हलवलं तर अंग गार पडलेलं. डॉक्टर म्हणाले, हा उजाडण्याआधीच गेलाय. मास्तरांनी मेलेल्या माणसाला दोनदा जिवंत मोजलं होतं आणि खाली दोनदा सही केली होती.

चौकशीत कुणी काही बोट ठेवलं नाही. म्हातारा होता, गेला. दुसऱ्या दिवशी त्याची धाकटी बहीण आली. हातात कापडी पिशवी होती, तीत धुतलेला सदरा. तिनं विचारलं, ‘दादाला शेवटचं कुणी पाहिलं हो? बरा होता ना?’ मास्तर पुढे झाले आणि म्हणाले, ‘मी पाहिलं, ताई. दुपारी पाहिलं. बरे होते.’ त्या माउलीनं त्यांना हात जोडले. शिव्या दिल्या असत्या तर मास्तर ते कधीतरी विसरलेही असते.

शेवटची बैठक प्रशिक्षण केंद्रात भरली. समितीच्या अध्यक्षबाई दुसऱ्या खात्यातून आलेल्या, कमी बोलायच्या. म्हणाल्या, ‘हा कागद तीन वर्षं वाचतेय. आज प्रत्यक्षच करून पाहू.’ मागच्या लांब खोलीत तीस खाटा होत्या. कारकुनानं त्यांवर शिकाऊ पोरांना पांघरुणं घेऊन झोपवलं, आणि कुठल्या तरी एका खाटेवर माणसाऐवजी गादीची वळकटी ठेवली. कुठल्या, ते त्याच्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं.

‘मास्तर, आधी तुम्हीच दाखवा,’ साहेब हसत म्हणाले. ‘परीक्षा तुमची, पहिला नंबर तुमचा.’

मास्तर पहाटे सुटायचे ते बदली शिपाई न आल्यामुळं दुपारी सुटले होते, आणि तसेच इकडे आले होते. पाय दगडाचे झाले होते. तरी चालायला लागले. पहिल्या ओळीत प्रत्येक खाटेपाशी थांबले, तोंड पाहिलं, आकडा म्हणाले. दुसऱ्या ओळीतही थांबले. तिसऱ्या ओळीत गुडघ्यातून कळ आली, डोळ्यांवर झापड आली, आणि पाय आपले आपणच चालू लागले. शेवटाला पोचून ते म्हणाले, ‘तीस.’

कारकुनानं चोविसाव्या खाटेवरचं पांघरूण उचललं. वळकटी! पोरं आधी दबून हसली, मग मोठ्यानं.

‘लोका सांगे ब्रह्मज्ञान...’ एवढंच म्हणून साहेब थांबले. तसे ते वाईट नव्हते. मग अध्यक्षबाईंकडे वळून म्हणाले, ‘बघा, मॅडम. ज्यानं परीक्षा काढली तोच नापास. उद्या पास होणारे शिपाई आणायचे कुठून? वगळू या हे कलम.’

बाई मास्तरांकडे बघत होत्या. ‘बसा तुम्ही,’ त्या म्हणाल्या. ‘किती तास उभे आहात? हे आम्ही नोंदवणार नाही. तुम्ही थकलेले आहात, एवढंच.’

वाट मोकळी होती. ‘हो, थकलोय’ म्हटलं असतं तर कुणी नाव ठेवलं नसतं. कागद फायलीत गेला असता, आठ महिन्यांनी हार घालून निरोप मिळाला असता. मास्तर खाटेच्या कडेवर टेकले. त्यांना स्वतःचीच भयंकर शिसारी आली होती.

‘थकलोय हे खरं, बाई,’ ते म्हणाले. ‘त्या दिवशीही थकलोच होतो.’

‘कुठल्या दिवशी?’

मग त्यांनी सांगितलं. शिंपी, थंडी, दोन सह्या, बहीण, तिला मारलेली थाप, सगळं. सांगताना कुठं रडले नाहीत की थांबले नाहीत. खाटांवरची पोरं उठून बसली होती. वळकटीवरचं पांघरूण कारकुनाच्या हातात तसंच होतं.

‘मास्तर, अहो काय करताय हे,’ साहेब हळूच म्हणाले. ‘हात दाखवून अवलक्षण. बारा वर्षं झाली त्याला. खोट्या सहीची चौकशी लागेल.’

‘लागू दे, साहेब. दोन दिवस शिकवलं की ही गोष्ट डोक्यात बसते. ती माझ्याही डोक्यात होती, त्या दिवशी होती आणि आत्ताही होती. दमलेल्या माणसाचं डोकं चालत नाही हो, हात चालतात. तो हात आपोआप पांघरुणाकडं गेला पाहिजे, इतकं घोटून घ्यायला हवं. म्हणून आठ दिवस मागतोय. आणि बाई, ते नोंदवणार नाही म्हणालात ना, तसं नका करू. मी नापास झालो असं लिहा.’

अध्यक्षबाईंनी पेनचं टोपण काढलं आणि लिहिलं.

घरी आल्यावर बायकोनं नाड्या सोडायला घेतल्या तेव्हा मास्तरांनी तिलाही सांगितलं. तिचे हात थांबले. ‘बारा वर्षं?’ ती म्हणाली. ‘बारा वर्षं मी याच बुटांशी झटतेय आणि तुम्ही तोंडातून अक्षर काढलं नाहीत?’ ती खरोखर रागावली होती. जरा वेळानं तिनं विचारलं, ‘आणि ती बहीण?’

‘पत्र टाकलं होतं गेल्या वर्षी. परत आलं. तिथं राहत नाही म्हणे कुणी.’

बायकोनं दुसरा बूट काढला आणि दोन्ही दाराशी नेऊन ठेवले.

कलम मंजूर झालं. आठ दिवसांचे पाच झाले. समितीच ती, काहीतरी कापल्याशिवाय तिला घास गोड लागत नाही. जुन्या सहीबद्दल मास्तरांना ठपक्याचं पत्र आलं, ते त्यांनी घडी घालून कपाटात ठेवलं. आणि नव्या कलमाखाली बराकीवरून काढून पुन्हा शिकायला पाठवलेला पहिला माणूस निघाला तो म्हणजे खुद्द मास्तर. ‘निवृत्तीच्या तोंडावर शाळेत चाललात, दप्तर भरून देऊ का?’ बायकोनं विचारलं. मास्तरांना हसू आलं, कितीतरी दिवसांनी.

त्यांच्या जागी आलेल्या नव्या शिक्षकानं फळ्यावर तेच वाक्य लिहिलं आणि मास्तर मागच्या बाकावरून वाचत बसले. तिसऱ्या दिवशी दुपारी निम्म्यांनी कैदी व्हायचं आणि निम्म्यांनी मोजायचं असं ठरलं. मास्तरांच्या वाट्याला भिंतीकडची खाट आली. पांघरूण डोक्यावरून ओढून ते पडले. आत उबदार होतं, अंधारलेलं होतं, आणि इतकं बरं वाटलं की कुणी उठवूच नये.

मोजायला एक मुलगी होती. फार सावकाश काम करायची म्हणून बाकीचे तिला गोगलगाय म्हणत. तिच्या बुटांचा आवाज येत राहिला. दोन पावलं, थांबणं, आकडा. पुन्हा दोन पावलं. मग बूट मास्तरांच्या खाटेपाशी थांबले.

‘काका, तोंड दाखवा.’

मास्तरांना हलवेना. शिंपी असाच पडला असेल, असाच भिंतीकडं तोंड करून, आणि आपले बूट असेच जवळ आले असतील आणि थांबले नसतील. त्यांना हे बारा वर्षांत पहिल्यांदा त्याच्या बाजूनं दिसलं.

‘लवकर गं, गोगलगाय!’ मागून कुणीतरी ओरडलं. ‘एक धर आणि पुढं चल!’

ती हलली नाही. तिनं पांघरुणाची कड धरून बाजूला केली आणि वाकून पाहिलं. मास्तरांचे डोळे भरून वाहत होते. पोरगी घाबरली. आकडा म्हणायचं विसरून तिनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

‘काका, बरे आहात ना?’

हे फळ्यावर लिहिलेलं नव्हतं. इतक्या वर्षांत मास्तरांनी हे कुणाला शिकवलंही नव्हतं.

‘बरा आहे, बाळ,’ ते म्हणाले. ‘आता मोज.’

तिनं आणखी एकदा नीट त्यांच्याकडं पाहून घेतलं.

‘सात,’ ती म्हणाली.