पाच खटक्यांचं बटण

तापलेल्या कथलाला राळ लागली की जो वास उठतो, त्यात थोडा धुपाचा पवित्रपणा असतो आणि थोडी जळक्या केसांची उग्रता. त्या वैशाखातल्या दुपारी मुरबाडच्या आमच्या गॅरेजात तो वास रस्त्यापलीकडून येणाऱ्या राबाच्या धुरात मिसळत होता. भाताच्या रोपांसाठी शेतकरी पालापाचोळा पसरून जमीन भाजत होते, आणि मी एका जीपच्या डॅशबोर्डखाली उताणा पडून, छातीवर पकड ठेवून, सूड घेत होतो.

मी बालाघाटाच्या डोंगरापलीकडचा. सातवीत शाळा सुटली आणि गावही सुटलं. सुदाममामांचं माझं नातं नाही. ते गाड्यांचं वायरिंग करत; सगळा नाका त्यांना मामा म्हणे, मीही म्हणू लागलो. त्यांनी मला हात धरून काम शिकवलं, मामींनी स्वतःच्या मुलांच्या पंक्तीला बसवलं. उपकाराखाली राहणाऱ्याला एक बारीक भीती कायम चिकटलेली असते; भाकरीचा दुसरा तुकडा मोडताना मी अजूनही आधी समोरच्याचा चेहरा बघतो.

जीप बाळूशेठची होती. मुरबाड ते वैशाखरे त्याच्या सवाऱ्या चालत. दोन हिवाळ्यांपूर्वी म्हसा गावच्या जत्रेत, बैलांच्या बाजाराच्या कडेला, त्याच्या जीपमधला टेप नाहीसा झाला, आणि सकाळी त्या गाडीचा हॉर्न मी दुरुस्त केला होता एवढ्यावरून त्याने मला घोंगड्यांच्या दुकानांपुढे उभं करून खिसे उलटे करायला लावले, मग सदरा काढायला. शेणाचा, भेळेचा, नव्या लोकरीचा वास, थंडीने अंगावर आलेला काटा आणि भोवती बघ्यांचं कडं. टेप त्याच्याच मेहुण्याकडे निघाला. पुढे स्टँडवर भेटला तेव्हा म्हणाला, "आरे, घरातच व्हता तो," आणि हसला. तेवढंच. ते हसू मी दोन वर्षं जपलं होतं.

आता त्याला डॅशबोर्डवर एकच फिरतं बटण हवं होतं. पहिला खटका बंद, दुसऱ्यावर आतला दिवा, तिसऱ्यावर मागच्या पायरीचा, चौथ्यावर धुक्यातले पिवळे दिवे, पाचव्यावर टपावरचा. पावसाळ्यात माळशेजच्या वाटेवर हातभर पुढचं दिसत नाही. पिवळे दिवे त्यासाठीच. मामा बॅटरी पोचवायला भातसानगरला गेलेले, त्यामुळे काम माझ्यावर आलं. मामांची एक रीत होती. ते तारांवर चिठ्ठ्या लावत नसत, शिवणाच्या दोऱ्याच्या गाठी मारत: बटणाच्या पाठीवरच्या पहिल्या घराच्या, म्हणजे पहिल्या खटक्याच्या, तारेला एक गाठ, दुसऱ्याच्या दोन. डोळे मिटूनही बोटांना कळावं म्हणून. आणि नियम एकच, मोजायचं ते बटणाच्या तोंडाकडून.

चार गाठींची तार मी हातात घेतली. मध्यावर सोलली, आतले तांब्याचे केस एकेक करून कापले, दोनच ठेवले, आणि वर काळी पट्टी इतकी सफाईने गुंडाळली की मामांनीही शाबासकी दिली असती. दुकानात दिवे पेटले असते. घाटात, धुक्यात, थोडा वेळ जळून तेवढे दोन केस वितळले असते, आणि बाळूशेठ हातातलं बटण फिरवत, आंधळा, भोवती माणसं असून एकटा उभा राहिला असता. मागे बाकावर बसलेल्या सवाऱ्या मला दिसल्या नाहीत असं नाही. दिसल्या. मी पट्टीचा आणखी एक वेढा दिला.

ऊन कलायला लागलं तेव्हा मामा परतले आणि पाठोपाठ बाळूशेठ. त्याने बॅटरी जोडायला लावली. बटण बंदवर होतं, आणि टपावरचा दिवा भर उन्हात फटकन पेटला. त्याने एक खटका फिरवला. टपावरचा विझला, पुढचे पिवळे पेटले. पायरीचा तेवढा आपल्या जागी होता. शेवटच्या खटक्यावर सगळंच बंद.

सुडाच्या तंद्रीत मी घरं पाठीमागून मोजली होती. उताणं पडून बटणाची पाठ बघणाऱ्याला सगळं उलटं दिसतं, हे मला पहिल्याच महिन्यात शिकवलेलं होतं.

"काय रे ए सातवी," बाळूशेठ नाक्यावर ऐकू जाईल असा म्हणाला, "पाचापर्यंत पन मोजता येत नाय का तुला? तुमच्याकडं बंदला चालू बोलतात काय रे?"

चहाच्या टपरीवरची माणसं हसली. मामा डॅशबोर्डखाली शिरले. मी त्यांचे फक्त पाय बघत होतो, टाचांच्या भेगांत बसलेलं काळं वंगण. आत त्यांचा हात तारांच्या जुडग्यावरून सरकत असणार, एक गाठ, दोन गाठी, तीन. मग पाय हलायचे थांबले. अखंड तारेच्या मध्यावर पट्टी कशाला असते, हे त्यांना विचारावं लागणार नव्हतं.

बाहेर आले तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मुठीतला पट्टी गुंडाळलेला तारेचा तुकडा शर्टाच्या खिशात सरकवत म्हणाले, "शेठ, त्याला नका बोलू. मीच जाताना उलटं सांगून गेलो. बसा, चा घ्या, आताच करून देतो."

"तुमी? तुमची चूक, मामा?"

"व्हते कधी कधी. वय झालं आता."

नवी तार त्यांनी स्वतः ओढली. त्या कामाबद्दल ते माझ्याशी कधीच बोलले नाहीत, ना त्या दिवशी, ना नंतर. पण बाळूशेठ बोलला. स्टँडवर, पंपावर, वैशाखऱ्याच्या फाट्यावर, सगळीकडे त्याने सांगितलं की सुदाममामाचे डोळे गेले, आता नंबर पण उलटे लावतो. पावसाळा लागेपर्यंत तीन जीपवाले शहापूरला दुसरीकडे जाऊ लागले, आणि मामा दुपारी रिकामे बसून दोऱ्याच्या गाठी मारायचे आणि सोडायचे.

मी एकदा तोंड उघडलं असतं तर मामांचं नाव धुऊन निघालं असतं. रोज सकाळी शटर वर करताना मी वाक्य जुळवायचो, आणि मामी चहा घेऊन आल्या की गिळायचो. त्या वाक्याच्या दुसऱ्या टोकाला घाट होता आणि त्यातल्या सवाऱ्या. मला त्या दिवशी लाज तार कापल्याची वाटली होती की मोजणी चुकल्याची, हे मी स्वतःलाही खरं सांगितलेलं नाही. बाळूशेठवरचा राग अजून तसाच ताजा आहे, धार लावून ठेवलेल्या पात्यासारखा. फक्त सूड कुणावर उगवायचा, हे तेव्हापासून मला नीट ठरवता आलेलं नाही.