वसुधाबाईंची मंडळी

"कसे आहात?" असं वसुधाबाई कोणालाच विचारत नसत. जिन्यात गाठ पडली की पहिला सवाल, "काका, पोट काय म्हणतंय?" मी म्हणायचो, "फौजी पोट आहे. बोलत नाही, हुकूम ऐकतं." त्या चष्म्यावरून बघायच्या. "बोलेल तेव्हा ओरडेल."

मी चौथी पास. सारी नोकरी पलटणीच्या लंगरात रोट्या भाजण्यात गेली. बायको गेल्यावर मुलानं दिल्लीत मयूर विहारला आणलं. तो आणि सून नव्या परदेशी कंपन्यांत. सकाळी गेलेले, दिवे लागल्यावर परत. दिवसभर मी, टीव्हीचे नवे नवे चॅनल आणि शेजाऱ्यांची बंद दारं. समोरच्या दारावर मराठी नाव दिसलं म्हणून बेल दाबली. बाई एकट्याच. "मी औषध देणारी डॉक्टर नव्हे हं," त्यांनी आधीच सांगून टाकलं. "मी जंतूंची डॉक्टर." पोटातले जंतू त्या प्रयोगशाळेत वाढवायच्या आणि त्यांना 'मंडळी' म्हणायच्या.

माझ्या पोटात आग व्हायची, ती मी सोडा पिऊन दाबायचो. बाईंनी हट्टानं इस्पितळात नेलं. दुर्बिणीची नळी घातली, व्रण निघाला, जंतूही निघाले. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. माझी मंडळी बाईंनी तपासायला घेतली.

"जात एकच, काका, पण विष निराळं," त्या म्हणाल्या. "एकाचं विष पोटाच्या पेशीला घट्ट चिकटतं, आत शिरतं. पेशी आतून पोकळ होऊन फुगते."

"पुरीसारखी?"

"अगदी पुरीसारखी. फुगते आणि मरते. दुसऱ्याच्या विषाला पेशी नीट धरताच येत नाही. तुमची मंडळी त्यातली. गरीब."

झालं! गोळ्यांनी तोंड कडू व्हायचं, त्या सोडून दिल्या. गुडघ्यांच्या दुखण्याच्या मात्र चालूच. पार्कातल्या पंजाबी म्हाताऱ्यांना सांगत सुटलो, "हमारे कीड़े शरीफ हैं, जी." मग एका दुपारी शौचाला डांबरासारखं काळं झालं आणि जिन्यातच चक्कर आली. बाईंनीच ऑटोत घालून नेलं.

खाटेशेजारी बसून त्या कडाडल्या. "गरीब म्हणाले, पाळा म्हणाले का? विष सौम्य म्हणून व्रण आपोआप भरतो? वर त्या गुडघ्यांच्या गोळ्या! व्रणातून रक्त काय नुसत्या जंतूंनी येतं? त्या गोळ्यांनीही येतं. आता सगळा कोर्स पुरा करायचा."

"नाही करणार जा! तुम्ही स्वतः बरगडीखाली हात दाबून जिना चढता. मला दिसत नाही होय? तुमची मंडळी कसली?"

बाई हळूच म्हणाल्या, "जहाल. तपासलीत मी."

"आणि गोळ्या?"

"ही मंडळी लहानपणी घरातूनच येतात, काका. आईच्या हातच्या घासाबरोबर. आई पोटाच्या कॅन्सरनं गेली. तिची आणि माझी मंडळी एकच निघाली. घर विकलं, भांडी वाटून टाकली. तिचं एवढंच राहिलंय माझ्याकडे."

फौजेत रडणाऱ्याला आम्ही जेवायला वाढायचो, दुसरं काही येत नसे. म्हणालो, "तुम्ही गोळ्या खाल तर मी खाईन. माझं रक्त गेलं तर तुमच्या माथी."

"ब्लॅकमेल करता, यार काका!" डोळे पुसत बाई हसल्या.

घरी आल्यावर त्यांनी डॉक्टरांकडून स्वतःच्याही गोळ्या आणल्या. त्या दिवसांत आमचं जेवण त्यांच्या स्वयंपाकघरात. मी रोट्या भाजायचो, त्या वरण करायच्या. गोळी गिळून दोघंही एकमेकांकडे बघून तोंड वेंगाडायचो. कोर्स संपला. पुढं बाईंच्या तपासणीचा अहवाल आला. कागद टेबलावर ठेवत म्हणाल्या, "गेली सगळी. आता खरी एकटी झाले."

"उद्या भाजी मी करतो," मी म्हणालो.

निवृत्त झाल्यावर त्या नाशिकला भाचीकडे जायला निघाल्या. मी बॅग टॅक्सीत ठेवली. काच खाली करून त्यांनी विचारलं, "काका, पोट काय म्हणतंय?"

"जळत नाही आता. भूक लागते म्हणतंय."

"मग वेळेवर जेवत जा. एकट्यानं जेवलं तरी पोटाला काही कळत नाही."

बाई पोटाबद्दल कधी चुकीचं बोलल्या नाहीत. तेवढं एक सोडून. पोटाला कळतं.