मोगऱ्याचा ताण

ये, अशी जवळ सरक गं. पुण्यात बसून कशी सरकशील म्हणा. कागद तरी मांडीवर घे. आधी बोलणी खा. परवा कुणाच्या बारशातला तुझा फोटो आला, अन् अंबाड्याला कापडाची फुलं! माळणीची नात तू. धुऊन वाळत घालतेस का गं ती, झंपरासंगं?

माझं बोरीतलं तेच चाललंय. सकाळी चहा झाला की खुरपं घेऊन मळ्यात. मुळं खाणारी हुमणी सापडली की कोंबडीपुढं टाकायची. पांढरी, गुबगुबीत, वळवळणारी. कोंबडी आधी मान वाकडी करून बघते, मग टोच. मला ते बघायला लय आवडतं. कुणी काही म्हणो.

मोगऱ्याचे हाल तर तू पाहिलेत. संक्रांतीच्या आगंमागं त्याचं पाणी तोडायचं. त्याला ताण देणं म्हणतात. पानांनी माना टाकल्या की फांद्या छाटायच्या, उरलीसुरली पानं ओरबाडायची, बुडाची माती ओढून मुळ्या उन्हात उघड्या टाकायच्या. लहान होतीस तेव्हा तांब्या घेऊन पळत आली होतीस. "आजी, मरायलंय गं ते!" मी तांब्या हिसकून घेतला. "मरू दे की थोडं." पुढं शेणखत घालून पाणी सोडलं की ते फुलतं. आनंदानं नाही गं, भिऊन. मरणाच्या भीतीनं फांदीफांदीला कळी.

तुझे आजोबा गेले त्या उन्हाळ्यातही मोगरा असाच लगडला होता. तेरावं झाल्यावर मी पाटी घेऊन गल्लीत गेले. सुटी फुलं सगळ्यांनी घेतली, गजरा एकीनंही नाही. शेजारची, जिच्या बाळंतपणात मी तिला न्हाऊमाखू घातलं, तीच हसत म्हणाली, "काकू, फुलं द्या, पण ववायला सुनंला बसवा. आमाला आमचं कुंकू बघावं लागतंय." म्हणजे फूल माझ्या हातचं चालायचं, गाठ चालायची नाही.

मग तुझी आई ओवायला बसली. तिची गाठ सैल. गिऱ्हाईक दारापर्यंत जाईस्तोवर गजरा गळायचा. घट्ट करायला गेली की कळी कापायची. मी समोर बसून स्वतःचे हात मांडीखाली दाबून धरायची. अगदीच राहवलं नाही की मागल्या दारी जाऊन हिरव्या गवताचा गजरा ओवायची आणि शेळीच्या गळ्यात बांधायची. शेळीला विधवा काय, सवाशीण काय. खाऊन टाकायची.

तुझ्या लग्नाच्या साली मी मोगऱ्याला जरा जास्तच ताण दिला. एक झाड मेलं. बाकीच्यांनी अशा टपोऱ्या कळ्या दिल्या! तूच कानात म्हणालीस, "आजी, माझा गजरा तूच ओव. कुणाला कळायलंय?" केळीच्या सोपटाचा दोरा ओला करून, कळीला कळी भिडवून ओवला. मानवतच्या मंगल कार्यालयात तुझ्या आईनं स्वतःचा म्हणून तुझ्या डोक्यात माळला.

तुझ्या सासूबाईंनी त्यावरून हात फिरवला. "लय सुबक हाय. कुणी ववला?"

तुझी आई तुझ्या केसातली पिन नीट करायला लागली. बोलली ती तुझी आत्या, कौतुकानं फुलून. "आमच्या आईच्या हातचा हाय! आख्ख्या बोरीत असा हात न्हाई."

सासूबाईंचा हात तापल्या तव्यावरून उचलावा तसा उचलला गेला. आवाज चढवला नाही त्यांनी. "काढा तो. अक्षता पडायच्या आधी काढा."

पिना उपसल्या. तुझे केसही आले त्यासंगं. तू माझ्याकडं पाहिलंस, मग खाली पाहिलंस. बाजारातला शिळा गजरा आला, तो माळला. माझा खरकट्याच्या टोपल्यात गेला, पत्रावळींवर, वरणभातात. मी जाऊन बघितला. एक कळी गळली नव्हती. आणि मला तेव्हाही काय वाटावं? गाठ बघा म्हणावं, गाठ बघा.

मला कुणी वाकडं बोललं नाही. पंगतीत सासूबाईंनीच वाढलं, "आजी, आणखी एक जिलबी घ्या." घेतली. गोड होती.

तेव्हापासून तू येतेस ती त्यांच्यासंगं, आणि गजरा पुढं केला की म्हणतेस, डोकं दुखतं. मला कळत नाही असं समजू नकोस. कापडाच्या फुलाला कुणी ववलं म्हणून कुणी विचारत नाही.

यंदाही ताण दिला, पाणी सोडलं, कळ्या धरल्यात. आता एकटी ये. मागल्या दारी शेळीजवळ बसू. मी ओवते, तू माळ. परत जाताना देवगाव फाट्यावर उतरवून टाकलास तरी चालेल. तेवढ्या वाटेपुरता राहू दे डोक्यात. उमललेलं फूल ओवलं जात नाही, बाई. कळ्या मिटलेल्या आहेत तोवर ये.