तिसऱ्या ड्रमपुढची रेघ

ऑर्विल डोम्ब्रोव्स्कीला माणसं आवडत नसत. त्यांच्या चुका मात्र आवडत, आणि जन्मभर त्याने त्याच वेचल्या. आठवडाभर गिअरच्या कारखान्यात तपासनीस आणि उन्हाळ्यातल्या शनिवारी ड्रम-बिगुल पथकांच्या स्पर्धांना परीक्षक. त्या काळी परीक्षक वर आरामात बसून शेरे मारत नसे. लाकडी पॅड घेऊन तो चालत्या रांगांत घुसायचा, ड्रमला कान लावायचा, आणि काडी जरा मागेपुढे पडली की कागदावर रेघ ओढायचा. एक रेघ म्हणजे एक दशांश गुण वजा. स्वतःच्या लग्नात फादर अडखळले तेव्हाही ऑर्विलने मनातल्या मनात एक रेघ ओढली होती, आणि हे त्याने बायकोला, आर्डिसला, मोठ्या कौतुकाने सांगितलंही. ती त्याच्यापाशी अकरा वर्षं टिकली, मग मिलवॉकीला बहिणीकडे निघून गेली.

आता तो एकोणऐंशीचा होता. दर जुलैत गावात स्पर्धा असली की जुनी मंडळी दुपारपासून स्टेडियममागच्या पार्किंगमध्ये घडीच्या खुर्च्या मांडत, सॉसेज भाजत आणि प्लास्टिकच्या पेल्यांतून बिअर पीत शिळ्या कढीला ऊत आणत. ऑर्विल न चुकता जाई. तुच्छ लेखायला एवढी माणसं एका जागी दुसरीकडे मिळत नसत.

पलीकडच्या मैदानात पोरांचा सराव चालला होता. स्पीकरमधून सिंथेसायझर घुमत होता आणि एक मुलगी माइकवर उसासे टाकत होती.

"याला ड्रम-बिगुल पथक म्हणायचं?" मर्ल झिगलर म्हणाला. मर्ल हा गावच्या हार्बर लान्सर्स पथकाचा जुना बिगुलवाला. "आम्ही छातीच्या जोरावर वाजवायचो. यांची वीज गेली की ही घरी जातील."

"तुम्ही तरी कुठे वाजवायचात?" ऑर्विल म्हणाला. "तुमची मागची रांग नुसते गाल फुगवायची. बघितलंय मी."

"तू ड्रमचा परीक्षक. आमच्या गालांकडे बघायला तुला कुणी सांगितलं होतं?"

मंडळी हसली, आणि मग बोलणं दरवर्षी जिथे जायचं तिथे गेलं. सन १९७३, राज्याची अंतिम फेरी. लान्सर्स एका दशांशाने हरले, आणि त्यांच्या ड्रमच्या कागदावर ऑर्विलची एकच रेघ होती, तिसऱ्या ड्रमपुढे. तिसरा ड्रम लायल क्रेमरचा. सतरा वर्षांच्या त्या पोरावर गावाने सगळं खापर फोडलं, आणि त्याचं नावच दशांश पडलं. आता अडुसष्टाव्या वर्षी तो लोकांच्या घरचे हीटर दुरुस्त करायचा आणि या टोळक्यात अगदी टोकाच्या खुर्चीत बसायचा. ऑर्विलला सगळ्यांत जास्त तिटकारा त्याचाच. इतकी वर्षं टोमणे गिळणारा माणूस, माणूस कसला, असं तो म्हणे.

"दशांश, सप्टेंबरात लेबर डेच्या मिरवणुकीत जुने लान्सर्स चालणार आहेत," मर्ल म्हणाला. "ड्रमवाले तीनच उरलेत. तू ये."

"नको. आणखी एक दशांश घालवीन तुमचा."

"मिरवणुकीत गुण नसतात रे बाबा."

"मला असतात," लायल म्हणाला, आणि सॉसेज उलटायला उठला.

सगळे हसले. ऑर्विलच्या मात्र अंगाची लाही झाली. त्या अंतिम फेरीच्या दिवशी रांग वळली तेव्हा तो उलट पावलांनी चालत होता. अंदाज चुकला आणि त्याच्या पॅडचा लोखंडी चाप लायलच्या ड्रमच्या कडेवर आपटला. हात सवयीने चालला, रेघ पडली. चार पावलांवर त्याला उमगलं की ऐकलेली चूक आपलीच होती. खोडरबर खिशात होता. पण रेघ खोडणाऱ्या परीक्षकाला बाकीचे परीक्षक हसत, आणि त्यांत सगळ्यांत मोठ्याने हसणारा ऑर्विलच असे. एका दशांशाने काय होतंय म्हणत त्याने कागद दिला. निकाल लागल्यावर त्याने लायलचा तिरस्कार करायला घेतला. लाज वाटून घेण्यापेक्षा ते सोपं होतं.

"मूर्ख आहेस तू," तो लायलला म्हणाला. "तुझी काडी चुकलीच नव्हती. माझं पॅड तुझ्या ड्रमला लागलं, आणि रेघ मी तुझ्या नावावर मारली."

मर्लने मान हलवली. "म्हातारा हळवा झाला. दशांशला मिरवणुकीत आणायला खोटं बोलतोय."

"ड्रमचा रोल तुटलाच होता," दुसरा म्हणाला. "मी प्रेक्षकांत विसाव्या ओळीतून ऐकलाय."

लगेच वाद पेटला. एकावन्न वर्षं पुरून उरलेला विषय असा फुकट सोडायला कुणी तयार नव्हतं. ऑर्विल त्यांच्याकडे नाक मुरडून बघत राहिला.

लायलने चिमटा खाली ठेवला. "मला लोखंडाचा आवाज आला होता. नजर समोर ठेवायची असते, म्हणून दिसलं काही नाही. बाबांना सांगितलं तर म्हणाले, आपली चूक परीक्षकावर ढकलतोस? दुसऱ्या दिवशी त्यांनी ड्रम विकला. मेले तोवर त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला नाही. अठ्ठ्याऐंशी साली गेले. तुम्ही मातीला आला होतात. नंतरच्या जेवणात हॅम सँडविच खाल्लंत आणि ब्रेड शिळा आहे म्हणालात."

ऑर्विलला तो ब्रेड आठवत होता. माफ कर म्हणायला त्याने तोंड उघडलं, पण तो शब्द त्याच्या सवयीचा नव्हता. "मग आता तरी वाजव," तो म्हणाला.

"वाजवणार आहे. मर्ल, माझं नाव घाल." लायल पुन्हा ऑर्विलकडे वळला. "तुम्ही त्या दिवशी माझ्या नजरेला पडू नका."

"मिरवणूक माझ्या दारावरून जाते. माझं घर आहे तिथे."

"मग पडदे लावून घ्या," लायल म्हणाला.