वीरेशची फळी

आमच्या गल्लीत वीरेश नावाचा चौतीस वर्षांचा माणूस राहतो. माणूस म्हणायचं ते वयाकडं बघून. राजारामपुरीत विम्याच्या ऑफिसात तो कॉम्प्युटरवर बसतो आणि तिथवर विजेच्या स्केटबोर्डवर उभा राहून जातो. गल्ली त्या वस्तूला फळी म्हणते. त्याला राग येतो. येऊ दे.

डोक्याला हेल्मेट, गुडघ्याला वाट्या, हातात रिमोट. खड्डा आला की खाली उतरतो, फळी काखेत मारतो. कोल्हापुरात खड्डे किती ते मी सांगायला नको. आमच्या गंगावेशीपासून अर्धा रस्ता फळी त्याला नेते, अर्धा रस्ता तो फळीला नेतो. पाऊस आला की फळी पिशवीत आणि हा केएमटीच्या बसमध्ये. तरी माझ्या स्कूटीकडं बघून म्हणतो, "काकी, पेट्रोलवाल्यांचं दिवस संपलं."

पण त्याच्या वडिलांची, भीमाप्पांची, स्कूटर होती. ते गेल्यावर दर सोमवारी वीरेश आईला, रत्नव्वाला, त्या स्कूटरवरून रावणेश्वर महादेवाला न्यायचा. गुडघे गेलेत तिचे, चालवत नाही. श्रावण संपला आणि यानं ती स्कूटर देऊन टाकून फळी आणली.

"आणि माझा सोमवार?" रत्नव्वानं एवढंच विचारलं.

"रिक्षा लावून देतो की, अव्वा."

पाच सोमवार गेले. रिक्षा आली नाही. बेलाची पानं तांब्यात घालून ती उंबऱ्यात बसायची, आणि हा समोरून मोबाईल धरून स्वतःचाच व्हिडिओ काढत जायचा. "अव्वा, लोकं थांबून बघत्यात मला!" लोक अपघात बघायलाही थांबतात, हे कुणीतरी त्याला सांगायला हवं होतं.

यंदा खंडेनवमी सोमवारीच आली. गल्लीत सगळ्यांच्या गाड्या धुऊन, हार घालून उभ्या. रत्नव्वानं फळी पुसली, हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली. देव कशातही असतो, असं तिचं म्हणणं. माझंही तेच आहे, पण त्या फळीपुढं माझे हात जुळले नाहीत. नव्या गाडीखाली लिंबू ठेवायची रीत आहे. तिनं मोठ्या मायेनं चारी चाकांपुढं चार लिंबं ठेवली.

वीरेश वाट्या-बिट्या बांधून बाहेर आला. "पूजा झाली न्हवं? अव्वा, दुपारी लवकर येतो. मग जाऊ देवळाला."

"व्हय," रत्नव्वा म्हणाली. आशा ती आशा.

त्यानं खाली बघितलं नाही, मोबाईलकडं बघितलं. मोटारीचं चाक लिंबू चिरडतं. फळीच्या चाकाचा आकारच मुळी लिंबाएवढा. रिमोट दाबला, फळी जागच्या जागी अडली आणि वीरेश तेवढा पुढं गेला. गाड्या धुतलेल्या साबणाच्या पाण्यातून घसरत थेट माझ्या स्कूटीच्या चाकाशी. लिंबं चारीच्या चारी अखंड.

गल्ली हसली. मी पण हसले, खोटं कशाला बोलू?

"काकी, मनगट गेलं वाटतं," तो कण्हला. "स्कूटीवरनं दवाखान्यात सोडता का?"

मी चावी काढली. मागं जागा एकाचीच होती. रत्नव्वा बेलाचा तांब्या घेऊन पायरी उतरली. वाकून मुलाचा हात बघितला.

"बोटं हलीव."

बोटं हलली.

"पाय धड हायत?"

"हायत, अव्वा."

"मग चालत जा. डॉक्टर कोपऱ्यावरच हाय." आणि माझ्या खांद्याला धरून ती मागं बसली. "चल, सहावा सोमवार चुकायला नको."

आरशात बघितलं तर एक हात छातीशी धरून, दुसऱ्या काखेत झेंडूची माळ घातलेली फळी घेऊन वीरेश कोपऱ्याकडं चालला होता. वाटेत कुणीतरी ओरडलं, "काय पावणं, वरात कुठं?"

देवळात रत्नव्वानं बेल वाहिला, बराच वेळ डोळे मिटून उभी राहिली. बाहेर येऊन चप्पल घालताना ती म्हणाली, "पुढच्या सोमवारी आठला येशील?"

आता दर सोमवारी आठला मीच तिला घेऊन जाते.